चादर कधी बदलायची

पुसत नाही. — नाही हो, गोंधळ काही नाही, तुमचा प्रश्न मला नीट कळलाय. प्रोग्राम काम संपवतो, घेतलेली मेमरी परत करतो, त्या मेमरीत त्याने जे काय लिहून ठेवलेलं असतं ते तुम्ही तेव्हाच्या तेव्हा पुसता का — हाच ना? तर नाही पुसत. लिहा तुमच्या रकान्यात. आणि ती भुवई खाली घ्या, मी काही खून कबूल केलेला नाही. बसा नीट, त्या खुर्चीचं डावं चाक लंगडं आहे, मागच्या वेळचे ऑडिटर त्या बाजूला झुकले आणि मग त्यांनी आमच्याबद्दल जे लिहिलं ते लिहिलं. चहा येतोय. चांगला नसतो, पण गरम असतो. मला मात्र आज जरा लवकर निघायचंय — घरी काम आहे. काम म्हणजे, एक बोलणं आहे. ते जाऊ दे, तुमचं आधी उरकू.

तर असं बघा. आमची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मशीनच्या आतली जागा वाटणारी बाई. ह्याला एवढी दे, त्याची झाली की परत घे, पुढच्याला दे — दिवसभर हेच. आता परत घेतलेली जागा दर वेळी घासूनपुसून ठेवायची म्हटली तर त्याला वेळ लागतो. एकदा पुसायला काही नाही लागत, पण हे लाखो वेळा चालतं. आणि आमची सिस्टीम लोक घेतात कशासाठी? जुन्या, रडतखडत चालणाऱ्या मशीनवर सुसाट पळते म्हणून. आमच्या मालकाचं नावच आम्ही सुसाट ठेवलंय — तोंडावर नाही म्हणत, तोंडावर सर म्हणतो — त्या माणसाला लिफ्टचं दार बंद व्हायला लागणारा वेळसुद्धा सोसत नाही, जिन्याने जातो आणि वर पोचून धापा टाकत म्हणतो, बघा, वाचवला की नाही वेळ. अशा माणसाला मी सांगायचं की सर, आपण आजपासून शंभर कामांमागे सहा-सात कामांचा वेळ पुसण्यात घालवू या? तो मलाच पुसून टाकेल. पण तुमच्या शिक्क्याशिवाय त्या प्रयोगशाळावाल्यांच्या मशीनवर आमची सिस्टीम चढत नाही, त्यांच्याकडे लोकांच्या रक्ताचे रिपोर्ट असतात, त्यामुळे त्यांना सगळं सोवळ्यातलं हवं. म्हणून तर तुम्ही इथे आणि मी तुमच्यासमोर गोड बोलत बसलेय. एरवी मी अशी बोलत नाही, कुणालाही विचारा.

आणि मुळीच पुसत नाही असंही नाही, बरं का. जागा दुसऱ्या प्रोग्रामला देताना पुसतो. द्यायच्या आधी, त्याच्या समोर. फक्त परत घेताना पुसत नाही. ह्यात फरक काय म्हणताय? आता हे तुम्हाला लॉजच्या भाषेत सांगते, कारण मला ते तसंच समजलं होतं. माझ्या सासऱ्यांचं लॉज होतं. स्टँडच्या समोर, दोन मजली, खाली पाच खोल्या आणि वर पाच. आता गिऱ्हाईक खोली सोडून गेलं, तर चादर कधी बदलायची? ते गेल्या गेल्या, की पुढचं गिऱ्हाईक आल्यावर? सासऱ्यांचं म्हणणं, आल्यावर. चार दिवस कुणी आलंच नाही तर धुतलेल्या चादरीवर धूळ बसणार, परत धुवा. शिवाय गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत कोरी चादर झटकून अंथरली की त्याला वाटतं, वा, काय इतमाम आहे. सासूबाईंचं म्हणणं, गेल्या गेल्या. पाठ फिरली की चादर ओढायची. ह्या एका गोष्टीवरून त्या दोघांचं आयुष्यभर वाजलं. शेवटी खालचा मजला सासऱ्यांच्या नियमाने आणि वरचा मजला सासूबाईंच्या नियमाने, अशी वाटणी झाली. संसारात हे असंच असतं, तत्त्व बित्त्व काही नाही, मजले वाटून घ्यायचे.

तर आमची सिस्टीम म्हणजे खालचा मजला. कळलं? मध्ये खोली घाणेरडी पडून असते हे खरं, पण कुलूप लावून असते. गिऱ्हाइकाला दिसतच नाही. आणि ह्याचा आणखी एक फायदा असतो — पुष्कळदा तेच गिऱ्हाईक अर्ध्या तासात परत येतं, काहीतरी विसरलो म्हणून, आणि तीच खोली मागतं. त्याला त्याचीच मळकी चादर चालते की. तिथे कशाला धुवायची? प्रोग्रामांचंही तसंच असतं, एकच जागा दिवसभर घेतात सोडतात, घेतात सोडतात. ती प्रत्येक वेळी तुम्ही पुसायला लागलात तर धोबी श्रीमंत होईल आणि लॉज बुडेल. हे मी एका सभेत असंच सांगितलं होतं, सुसाट टाळ्या वाजवून उठला होता. टाळ्यासुद्धा लवकर आटपल्या त्याने.

घोळ कधी होतो, तर देताना पुसायचं राहिलं तर. नाही, होत नाही म्हणणार नाही मी. सासऱ्यांचंही एकदा झालं होतं. खालची तीन नंबर, गिऱ्हाईक घाईत आलं, थेट आडवं झालं, सासरे दुसऱ्या कुणाशी वाद घालत होते ते चादर बदलायला विसरले. थोड्या वेळाने तो माणूस बाहेर आला, हातात रुमाल, रुमालात दातांची कवळी. उशीखाली सापडली म्हणे. सासूबाई सांगतात की सासरे त्या माणसाला अगदी शांतपणे म्हणाले, तुमची नाही का? — हसा की हो, ऑडिटर हसले तर शिक्का झिजत नाही. आमचीही एक कवळी निघाली होती. नेटवर्कवर पाठवायची पाकिटं ठरलेल्या मापाची लागतात, मजकूर कमी पडला की मागे भर घालतात, तर आमच्यातल्या एकाने भर म्हणून जी जागा घेतली ती पुसलीच नव्हती. म्हणजे पाकिटाच्या शेपटाला आधीच्या कुणाचं तरी उष्टं. आमच्याच चाचणीत सापडलं, बाहेर गेलं नाही, दुरुस्त केलं. हे — हे लिहू नका तुम्ही. तुम्ही विचारलं नव्हतंत, मीच बोलले. पेन खाली ठेवा ना जरा.

मुद्दा काय, कवळीचं सोडा. मुद्दा हा की कुलूपबंद खोलीत डोकावणार कोण? बाहेरचा चोर यायचा तर आधी त्याला कुलूप तोडावं लागेल, आणि कुलूप तोडून आत आलेला चोर मळकी चादर हुंगत बसेल की गल्ला उचलेल? किल्ली असते फक्त मालकाकडे. आणि मालक कशाला — काय? ती किल्ली आमच्याकडे कुणाकडे आहे? माझ्याकडे. म्हणजे माझ्या गटाकडे, म्हणजे — माझ्याकडेच. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम आहे. त्याचं नाव फट. दाराची फट असते ना, ती. मीच लिहिलाय. आता तुमची भुवई परत वर गेली. अहो, चांगल्या कामासाठी लिहिला होता. सुसाटला आणि तुमच्यासारख्यांना दाखवायला, की बघा, ह्या सोडलेल्या जागांत नुसता कचरा असतो, वाचता येण्यासारखं काही नसतं, उगाच पुसण्याचं भूत मानगुटीवर घेऊ नका. फट काय करते, सगळ्या रिकाम्या जागा धुंडाळते आणि त्यात जे काय अक्षरांसारखं दिसेल ते दाखवते. ऑफिसच्या मशीनवर चालवली. कचराच निघाला. पण ऑफिसची मशीनं म्हणजे काय, दिवसभर आमचेच प्रोग्राम चालणार, तिथे कचऱ्याशिवाय दुसरं काय असणार? म्हटलं, खऱ्या घरातल्या खऱ्या मशीनवर बघू या. सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे असतात, लॉज विकलं. त्यांच्या खोलीत मी एक जुनं मशीन ठेवलंय, आमचीच सिस्टीम आहे त्यावर. त्या रोज माझ्या नणंदेला लिहितात, नणंद लांब असते. संध्याकाळी त्या फिरायला गेल्या तेव्हा मी फट लावली. एकदाच. चाचणी म्हणून.

चहा आला. घ्या. साखर कमी वाटेल, कारण ती घालतच नाहीत.

पहिल्या दिवशी काय दिसलं सांगू? तीन तुकडे. माणूस लिहितो, पुसतो, परत लिहितो ना, तर प्रत्येक वेळी जुनी जागा सुटते आणि नवी घेतली जाते. जुनीत जुनं तसंच. त्यामुळे तिन्ही खेपा मला एकाखाली एक दिसल्या. पहिली — सूनबाई स्वयंपाक चांगला करते. दुसरी — सूनबाई स्वयंपाक बरा करते. तिसरी, जी पाठवली — सूनबाई स्वयंपाक करते. — नका हसू. म्हणजे हसा, मीही हसले, मशीनसमोर तोंडावर पदर — ओढणी धरून हसले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला कधी नाव ठेवलेलं नाही. जेवतात, ताट उचलतात, छान झालं म्हणतात, जातात. आमचं आपसात फार सभ्य आहे हो सगळं. मी त्यांना अहो आई, त्या मला अगं बाळ. दोन परक्या राज्यांचे वकील बोलतात तसं. आणि इथे, पुसलेल्यात, ही बाई जिवंत. तिखट. मला वाटलं, अरे, ही तर मला आवडेल अशी बाई आहे, ही कुठे होती इतके दिवस?

एकदाच म्हटलं ना मी? हं. एकदा नाही. आता तुम्ही ऑडिटर आहात, खोटं बोलून उपयोग नाही, तुम्ही माझ्या मशीनवर फटीच्या आवृत्त्या बघालच. सुरुवातीला तिला मराठी वाचता येत नव्हतं, अक्षरांच्या जागी आकडे दिसायचे, ते मी हाताने लावून बघितलं होतं. मग मराठी वाचायची सोय घातली मी तिच्यात. कंपनीच्या कामाला तिचा काही उपयोग नाही, आमच्या कुठल्याच गिऱ्हाइकाने ती मागितलेली नाही. आणि मशीन बंद केलं की मेमरीतलं सगळं जातं, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून मी सासूबाईंना सांगून ठेवलं, आई, मशीन रोज बंद करू नका, त्याला त्रास होतो, नुसतं झाकण लावत जा. म्हणजे झोपतं ते, मरत नाही. त्या बिचाऱ्या अगदी नेमाने झाकण लावतात. — हे नका हो लिहू, मी हात जोडते.

पण फायदा बघा ना त्याचा. तुम्ही नेहमी तोटा लिहिता, फायद्याचा रकाना कुठे असतो तुमच्याकडे? त्यांनी लिहून पुसलं, टीव्हीचा आवाज डोक्यात जातो. टीव्हीचा आवाज कमी झाला. त्यांनी लिहून पुसलं, खुर्चीत बसलं की कंबर भरून येते. खुर्चीला उशी आली. मीठ कमी झालं, पडदा बदलला, माझ्या नवऱ्याने संध्याकाळी दहा मिनिटं आईशेजारी बसायला सुरुवात केली — त्याला मी हुकूमच सोडला होता, कारण विचारलं नाही त्याने, तो विचारत नाही. त्याच्या मेमरीत काही राहतच नाही, तिथे पुसायचा प्रश्नच येत नाही. शेजारणी म्हणायला लागल्या, सासू-सुनेचं असं गूळपीठ बघितलं नाही. नणंदेचा मला फोन आला, वहिनी, आईचं तू किती करतेस, तिच्या मनातलं तुला न सांगता कसं कळतं गं? मी काय म्हणाले असेन? म्हणाले, बायकांना कळतं.

मग वाढदिवस आला त्यांचा. फटीत दिसलं, जांभळा रंग मला किती आवडतो, पण ह्या वयात कोण आणणार. पुसलं होतं. मी पळत गेले आणि जांभळा स्वेटर आणला. असा जांभळा की तो खोलीत आला की दिवा लावावा लागू नये. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला, माझ्याकडे बघितलं — जरा जास्तच वेळ बघितलं — आणि म्हणाल्या, अगं बाई, जांभळा. आणि घातला. तेव्हापासून रोज घालतात. मी आपली खूश. म्हटलं, बघा सुसाटराव, न पुसण्याचे फायदे.

आणि मग गाठ आली.

काखेत. उजव्या. त्यांनी नणंदेला लिहिलं होतं, काखेत गाठ लागतेय हाताला, दुखत नाही, म्हणूनच भीती वाटते. पुसलं. मग लिहिलं, कुणाला सांगू नये, पोरांच्या मागे नसतं लचांड. तेही पुसलं. पाठवलं काय? मी मजेत आहे. रोज तेच जातं, मी मजेत आहे. आता सांगा, मी काय करायचं होतं? जाऊन म्हणायचं, आई, तुमच्या काखेत गाठ आहे? कसं कळलं म्हणतील. काय सांगू, तुम्ही झोपवून ठेवलेल्या मशीनमधून? मी आडून आडून केलं हो सगळं. म्हटलं, चला, ह्या महिन्यात घरातल्या सगळ्यांचीच तपासणी करून घेऊ. तर म्हणाल्या, मला काय धाड भरलीये, तुम्ही घ्या करून. आणि आम्ही दोघं खरंच जाऊन आलो, माझं कॉलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, आणि ज्यांना न्यायचं त्या घरी जांभळा स्वेटर घालून बसलेल्या. दुसऱ्या वेळी म्हटलं, आई, दंड दुखतोय का तुमचा, हात जरा वर घेऊन दाखवता? त्या म्हणाल्या, तूच दाखव, व्यायाम चांगला असतो. मी रोज फट लावते. गाठ वाढली का, दुखायला लागली का, कुणाला सांगितली का, ते बघायला. रोज. तुम्ही मला सांगताय, सोडताक्षणी पुसा. सोडताक्षणी पुसायला लागले तर मला कळणार कसं?

म्हणजे — वेगाचं कारण आहेच. ते सहा-सात टक्के खोटे नाहीत, मोजलेले आहेत, तक्ते दाखवते तुम्हाला. दोन्ही कारणं आहेत. आधी ते एकच होतं, आता — बघा, तुम्ही असे गप्प बसता ना, त्यामुळे माणूस बोलत सुटतो. तुम्हाला हेच शिकवतात का? प्रश्न विचारायचा आणि चहाकडे बघत बसायचं?

मघाशी विचारलंत ना, किल्ली कुणाकडे आहे. तेव्हाच कळलं मला. गेली किती तरी वर्षं मी सभांमध्ये सांगत आलेय, बंद खोलीत कोण डोकावणार, कोण डोकावणार. कुंपणच शेत खातंय आणि वर व्याख्यान देतंय की शेताला धोका कुठाय. चोराची भीती घालणाऱ्यांना मी हसत होते, आणि खरंच त्यात चोर नव्हताच, चोर आणतात कुठून लोक, घरातली माणसं पुरतात.

आणि सासूबाई काय साध्या आहेत? मी तुम्हाला अर्धंच सांगितलं मघाशी. वरच्या मजल्यावर चादर गेल्या गेल्या का ओढायच्या त्या, माहीत आहे? स्वच्छतेसाठी नाही. त्यांनीच मला सांगितलंय. गिऱ्हाइकाचं काय काय मागे राहिलंय ते गरम असताना बघायला मिळावं म्हणून. हा बायकोशी भांडून आलेला, हा कुणाच्या तरी मयताला आलेला, हा रात्रभर झोपलाच नाही — उशी बघून सांगायच्या. आणि त्यांच्या सामानाला कुणी हात लावला तर लगेच ओळखायच्या. म्हणायच्या, खोलीत कुणी जाऊन आलं की खोली सांगते. अशा बाईच्या खोलीत मी रोज जात होते. मला वाटत होतं, मी हुशार. शेराला सव्वाशेर असतो, आणि तो सव्वाशेर माझ्याच घरात, झाकण लावून, मी मजेत आहे म्हणत बसलेला.

आज त्या संध्याकाळची वाट न बघता सकाळीच फिरायला गेल्या. मशीनचं झाकणही लावलं नव्हतं, उघडंच. मी आपली घाईघाईने फट लावली, डबा एका हातात, चपला पायात. एकच तुकडा होता. नणंदेला लिहिलेला नव्हता. मला होता. वाचून दाखवते — नको, पाठच झालाय. जांभळा रंग मला मुळीच आवडत नाही, कधीच आवडत नव्हता, तुझ्या सासऱ्यांनी एकदा जांभळे पडदे आणले तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते. तू स्वेटर आणलास तेव्हाच नक्की कळलं खोलीत कोण येऊन जातं. जांभळ्याचं खोटं होतं. गाठीचं खरं आहे. दार वाजवून ये, सांगते.

बस. एवढंच. लिहिलं, आणि पुसलं. पुसलं म्हणजे माझ्यासाठी ठेवलं.

मी काय केलं? पळाले. डबा तिथेच त्यांच्या टेबलावर राहिला माझा — बघा, मीही मागे ठेवून आले काहीतरी, आता त्या बघतील आणि सांगतील मी कशी पळाले ते. इथे येऊन सकाळपासून बसलेय. मला लाज वाटतेय हो. आणि भीती वाटतेय, गाठीची. मनात कुठेतरी मी धरून बसले होते की उशी, पडदा, स्वेटर, तसंच हेही काहीतरी असेल, बाईंना लक्ष वेधून घ्यायचं असेल. आता ते राहिलं नाही. त्या महिनाभर ती गाठ घेऊन, नको असलेला स्वेटर घालून, माझी वाट बघत बसल्या होत्या. मी दारापर्यंत रोज जात होते आणि वाजवत नव्हते.

इकडे या जरा. खुर्ची ओढा, हळू, चाक. हा तो खटका. नाव बघा, सोडताक्षणी पूस. आमच्याकडे तो पहिल्यापासून आहे, शून्यावर, म्हणजे बंद ठेवलेला, कुणी विचारलं तर सोय आहे म्हणून सांगायला. आज संध्याकाळी नवी आवृत्ती निघते, ती सगळ्या मशीनवर आपोआप जाते, प्रयोगशाळांच्या, घराघरांतल्या, सासूबाईंच्याही. हे शून्य. हे एक. झालं. काही आवाज बिवाज होत नाही. आता कुणाचं काही मागे राहणार नाही, ना माझ्यासाठी, ना चोरासाठी. सुसाट उद्या बोंबलेल, सहा-सात टक्के कुठे गेले म्हणून. सांगेन त्याला, धोब्याकडे गेले. आणि ही फट. ही गेली. नाही, कुठेही दुसरी प्रत नाही, होती ती घरच्या मशीनवर, ती त्यांच्या समोर काढेन, त्यांना विचारून.

तुमचा रकाना भरा आता. पुसता का — हो. कधी — सोडताक्षणी. सही इथे. चहा राहू द्या, तो कधीच कुणी संपवत नाही. मला निघायला हवं, त्या फिरून कधीच्या आल्या असतील. नाही, फोन नाही करणार, फोनवर पुन्हा अहो आई आणि अगं बाळ होईल. दार वाजवते सरळ.

आणि ते काय, तुमच्या त्या वहीच्या समासात? मी बोलत असताना काय खरडत होतात? गाठ, काख — अहो, हे तुमच्या प्रश्नात कुठे होतं? पुसा ते. आत्ता, माझ्या — नाही, माझ्या देखत नको. घेऊन जा ती वही, बाहेर जाऊन पुसा. पुसलंत की नाही, ते मी बघणार नाही.